उंबऱ्याबाहेरचा पंच

१२ जानेवारी
ऑस्ट्रियाच्या न्यायालयाचे पत्र कदमांनी सांगवीला माझ्या घरी आणून दिले. (कदम, तपास अधिकारी. अक्षर देखणे, वाक्यरचना भीषण.) आरोपीने इथे खोट्या कागदांवर जमिनी लाटल्या, त्या पैशातून तिकडे फ्लॅट घेतला. आपल्या विनंतीवरून तो गोठवलेला आहे. आता आरोपीच्या वकिलांचा आक्षेप असा की, फ्लॅटचे कागद आरोपीच्या बंगल्यावरच्या ज्या पंचनाम्यात सापडले, त्यातला पंच क्र. २, बबन धोंडिबा, पंचनाम्याच्या तीन महिने आधीच वारला होता. मृत्युदाखला सोबत. २० फेब्रुवारीपर्यंत खुलासा गेला नाही तर फ्लॅट मोकळा. मग विकला जाईल, आणि इथल्या माणसांना काहीही मिळणार नाही.

मनात आलेला पहिला विचार नोंदवतेच. चूक माझी तर नाही? जर्मन भाषांतर माझे. शिक्का माझा. सव्वीस वर्षांत एकही मजकूर परत आलेला नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ देणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावले.

मूळ पंचनामा व भाषांतर ओळीला ओळ लावून वाचले. मूळ: "पंच क्र. २ हे उंबऱ्याबाहेर उभे राहिले, विनंती करूनही आत आले नाहीत व बाहेरूनच देव्हाऱ्यामागील फळी काढण्यास सांगितले."
माझे: "दोन्ही पंचांसमक्ष देव्हाऱ्यामागून कागद मिळाले."

आठवले. पंचाने पाहायचे असते, सांगायचे नसते. म्हणून तो कदमांचा अडाणीपणा ठरवून मी वाक्य नीट केले. खाली शिक्का: 'मुळाबरहुकूम'.

नीट केले!

१७ जानेवारी
कदमांना फोन. ओळखपत्र का घेतले नाही, विचारले. म्हणाले, पंच व्हायला कोणी तयार होत नाही, लोक पोलीस पाहून दुकानाचे शटर ओढतात. म्हातारा बंगल्याच्या दाराशी आधीपासून उभा होता. नाव सांगितले, अंगठा दिला. पाणी पुढे केले तर घेतले नाही.
"आत या म्हटलं तर म्हणाला, मला चालत न्हाई."
एवढेच?
"एवढंच. आणि मॅडम, फळी त्यानं बोटानं नाही दाखवली. तो दाराकडं पाठ करून उभा होता."
हे पंचनाम्यात लिहिलेले नाही. पहिला पंच, टेम्पोवाला, परभणीला गावी गेला तो परतलेला नाही.

२१ जानेवारी
थेरगाव. डांगे चौकाच्या मागे, दोन इमारतींच्या फटीत पत्र्याची खोली. बबनरावांची पत्नी सखूबाई. खोलीत कोंदट वास, मी नाकाला रुमाल लावला. तिने पाहिले, चहाचे आधण ठेवले.

बंगला उभा आहे ती जमीन यांचीच. आरोपीने कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन लाटलेली. तेव्हा बबनरावांनी खंडोबापुढे बेलभंडारा उचलला होता: जमीन माघारी येईस्तोवर त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. पण बंगला बांधताना तिथेच गवंड्याच्या हाताखाली काम केले. पोटासाठी. देव्हाऱ्यामागची पोकळी त्यांनीच ठेवली, मालकाच्या सांगण्यावरून. दाराची चौकट बसली, उंबरा झाला, त्या दिवशी काम सोडले.

वारले ना, हे विचारायला मला शब्द सापडेना. मला!
"व्हय. आळंदीला राख सोडली की. इंद्रायणीत. मी सोत्ता व्हते." मग चहा गाळता गाळता: "पर शपथ कुठं सुटली त्यांची?"
पंचनाम्याची हकीकत तिने ऐकून घेतली. मी निघताना मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "बाई, तुमी लई शिकल्याला. त्यांनी सांगितल्यालं तिकडं नीट कळिवलं ना?"
मी हो म्हणाले.

३ फेब्रुवारी
ठसे तज्ज्ञांचा अहवाल. पंचनाम्यावरचा अंगठा आणि बबनरावांच्या जमिनीच्या जुन्या खरेदीखतावरचा अंगठा एकाच माणसाचा.

दाखला तपासला. खरा. तारीख खरी. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून बसले. नंतर एकावर दुसरा ठेवला. दोन्हींपैकी एकही खोटा नाही.

९ फेब्रुवारी
खुलाशाचा मसुदा. कदम समोर.
"मॅडम, राहू द्या की. त्यांना लिहू, नाव चुकून पडलं. तुमचं वाक्य चांगलंय. त्यात भूत नाही."
मोह झाला. मूळ वाक्य पाठवले तर तिकडचे हसतील, फ्लॅट हातचा जाईल, मीही न्यायालयाच्या भाषांतरकारांच्या यादीतून जाईन. पण ती पोकळी कोणाला ठाऊक असू शकते, याचे उत्तर त्याच वाक्यात आहे. पंच म्हणून तो माणूस जे म्हणाला, ते मी पुसले. आरोपीने कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता. मी वेगळे काय केले?

११ फेब्रुवारी
पाठवले. मूळ वाक्य शब्दशः. सखूबाईंचा जबाब, शपथेसह. ठशांचा अहवाल. आणि मी मजकूर बदलल्याचे माझे प्रतिज्ञापत्र, माझ्याच शुद्ध जर्मनमध्ये.

१५ फेब्रुवारी
यादीतून नाव तूर्त स्थगित. एक ओळीचे पत्र, त्यात दोन चुका. लाल शाई घेतली नाही.

१८ फेब्रुवारी
निकाल नाही. तिकडून फक्त देव्हाऱ्यामागच्या जागेची छायाचित्रे मागवली. प्रश्न जर्मनमध्ये, म्हणून कदमांनी मलाच बोलावले. भर दुपारी बंगल्यावर. वर्षापूर्वी पंचनाम्याच्या दिवशी दाराला लावलेले लाखेचे सील शाबूत. मी स्वतः भिंग लावून पाहिले. खिडक्यांना आतून कड्या. सील तोडले, दार उघडले.

आत वर्षाची धूळ, सर्वत्र सारखी. फक्त दारात भंडारा सांडलेला, ताजा, पिवळाधमक. त्यात अनवाणी पावले. एक उंबऱ्याच्या बाहेरच्या कडेला, आम्ही आलो तेव्हा नव्हते. दुसरे आत. अर्धेच, फक्त बोटे. टाच अजून टेकायची होती.

कदमांनी कागद काढला. पेन उघडले.
"मॅडम, हे लिहू का?"
"लिहा. दिसते तसे."
त्यांच्या वाक्याला मी हात लावला नाही. भाषांतरासाठी त्यांनी कागद पुढे केला, तो मी घेतला. मग त्यांनी विचारले, पंच म्हणून कोणाला बोलावू. आम्ही दोघेही, त्या म्हाताऱ्यासारखेच, दाराकडे पाठ करून उभे होतो.