झाडाच्या चिकाचा सूट

३ ऑक्टोबर, शुक्रवार
माझं आयुष्य बदललं ते आज दुपारी, सर्फिंगच्या दुकानात. तिथली विक्रेती मागे उभी राहून ‘श्वास आत घ्या’ म्हणाली आणि माझ्या पाठीवरची झिप वर ओढली, त्या क्षणी. खरं तर मी चपला बघायला शिरलो होतो. साधे वेटसूट, म्हणजे समुद्रात घालायचे ते अंगाला घट्ट बसणारे रबरी सूट, म्हणे पेट्रोलियमपासून करतात, हा झाडाच्या चिकापासून. म्हणून दुप्पट महाग. म्हटलं, पृथ्वीपुढे पैसा काय! कॉलेज सोडल्यापासून लॅपटॉप पडूनच होता. विकला, सूट घेतला. लहानपणापासून लाटांवरच वाढलोय, असंही बोलून गेलो. ती म्हणाली, मग पुढच्या रविवारी, बारा तारखेला, या आमच्याबरोबर समुद्रात.
पोहता येत नाही. किरकोळ बाब.

४ ऑक्टोबर, शनिवार
बाबा म्हणाले, एवढ्या पैशांत समुद्र घरपोच आला असता. ताई म्हणाली, पर्यावरणाचा एवढा पुळका आहे तर आधी बाथरूमचा दिवा घालवत जा. ताट ढकलून उठलो. या घराला प्रेम कळणार नाही. नंतर गुपचूप जेवलो.

६ ऑक्टोबर, सोमवार
निश्चय: रोज किनाऱ्यावर जाऊन भीती मोडायची. म्हणजे सराव. भीती नाहीच. लाट लांबून छान दिसते. जवळ आली की गुरगुरते. ट्रॅफिक लागेल म्हणून लवकर परतलो. पायी.

८ ऑक्टोबर, बुधवार
झोप नाही. किनाऱ्यालगतचा प्रवाह माणसाला आत ओढून नेतो, असं फोनवर वाचलं. वाचायला नको होतं. मग त्यावरच आणखी वाचलं. पण घाबरायचं कशाला? एवढा महाग सूट पाण्याचा थेंब आत येऊ देणार नाही. बूच लावलेल्या बाटलीसारखा तरंगेन. किंमत त्याचीच तर आहे. उद्या टबमध्ये चाचणी.

९ ऑक्टोबर, गुरुवार
सूटच्या गळ्यातून पाणी आत! पाठीवरून थंडगार खाली! किंचाळलो. आई धावत आली, म्हणाली, मेल्या, बुडायला आधी पाणी तरी लागतं. डोकं सणकलं. तसाच निथळत दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, फसवणूक आहे, सूट गळतोय! ती शांतपणे म्हणाली, यात पाणी शिरतंच. तेच अंगाच्या उबेनं गरम होतं, म्हणून थंडी वाजत नाही. लाटांवर वाढलात ना तुम्ही? मग तिनंच हळू आवाजात विचारलं, पोहता तरी येतं का? म्हटलं, थिअरी पक्की आहे. एका गिऱ्हाइकाला खोकला आला. ती हसली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

११ ऑक्टोबर, शनिवार
उद्या तापाचं सांगायचं ठरवलं. थर्मामीटर साथ देईना. इतक्यात तिचाच फोन. म्हणाली, समुद्र राहू दे, जीव जाईल तुमचा. सकाळी स्विमिंग पूलवर या. मला बोलावलं! खोलीभर नाचलो. सूट घालूनच येतो म्हणालो. ती म्हणाली, अहो नको, पाणी कोमट आहे आणि कमरेइतकं, चड्डी पुरे.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
आत्ता तिचा मेसेज आला. पोहायला शिकायची ही बॅच पहिली-दुसरीतल्या मुलांची. ती दुकानात असेल. शिकवते तिची आई.
म्हणजे तिच्या आईची आणि माझी पहिली भेट. मी चड्डीवर. हातपाय आत्ताच गार पडलेत. सूट किमतीला पुरेपूर आहे, हे माझं मत कायम.
उंबऱ्यात उभ्याउभ्या लिहितोय. बाबांनी विचारलं, स्वारी कुठे? म्हटलं, समुद्रावर. ते म्हणाले, टॉवेल घे.
घेतला. चाललो. दार ओढून घेतोय.