दुसऱ्या खाटेवरचा श्वास

४ नोव्हेंबर
रूसे शहरात पोहोचलो. खोली झकास आहे: खिडकीतून डॅन्यूब नदी दिसते, दोन खाटा, त्यातली एक रिकामी. घरमालकीण त्सोन्कामावशींनी चीज भरलेली गरम बानित्सा पुढ्यात ठेवली आणि माझ्या हातातल्या पेटीत काय आहे ते विचारलं. झोपेत माझा श्वास अडकतो. मागच्या वर्षी बेकरीत भट्टीपुढे उभ्या उभ्या डोळा लागला, हात भाजला, नोकरी गेली. आता नाकावर मुखवटा बांधून झोपायचं, यंत्र हवा फुंकत राहतं. नळी बघून मावशी म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडे हत्ती राहायला आला!"
इथल्या बेकरीत रात्रपाळी. झोप दिवसाची.

७ नोव्हेंबर
दोन दिवस मुखवटा टोचला, गालावर पट्ट्यांचे वळ उठले. आज मात्र सलग सात तास! दहा वर्षांत असा ताजातवाना उठलो नव्हतो. शिट्टी वाजवत कामावर गेलो.

१० नोव्हेंबर
मावशींची तक्रार: भर दुपारी मी घोरतो, खालपर्यंत ऐकू येतं. शक्यच नाही. यंत्राच्या नोंदीत श्वास एकदाही अडकलेला नाही. "मग काय माझं मांजर घोरतं?" म्हणाल्या.

१२ नोव्हेंबर
आज मीही ऐकलं. टक्क जागा होतो. घोरणं रिकाम्या खाटेवरून येत होतं. मग थांबलं. पन्नास आकडे मोजले, तेव्हा कुठे आचका देऊन श्वास परत आला.
मावशींना सांगितलं, तर त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. त्या खाटेवर मेतोदी नावाचा खलाशी राहायचा. एका दुपारी झोपला तो उठलाच नाही. "आम्हाला वाटायचं, नुसताच घोरतो बिचारा."

१४ नोव्हेंबर
आज नव्वद आकडे. ऐकवत नाही. मला वेळेवर यंत्र मिळालं, त्याला नाही. मुखवटा त्याच्या उशीवर ठेवला, यंत्र चालू केलं. पट्टे हळूहळू ताणले गेले. घोरणं बंद. संथ, सुखाचा श्वास.

१६ नोव्हेंबर
मुखवटा सुटत नाही. वायर उपटली तरी हवा चालूच. विनवलं – आजचा दिवस मला दे. खाली स्वयंपाकघरात झोपलो. मावशींनी दोनदा हलवून उठवलं. ओठ निळे पडले होते म्हणे. दवाखान्यातून सांगतात, नवं यंत्र महिन्याने.

१९ नोव्हेंबर
मावशी बहिणीकडे गेल्या. तीन दिवस झोप नाही. बसूनच असतो – मान खाली गेली की घसा बंद. मुखवटा एकदाचा ओढूनच घ्यावा, म्हणून त्याच्या खाटेपाशी आलोय.
पांघरूण उचललं गेलं. तो सरकला – माझ्यासाठी जागा केली.
आडवा झालो. मुखवटा माझ्या नाकाशी – गार हवा, चिखलाचा वास – किती छान झोप – आता श्वास घ्यायची गरजच –