गुंजीचं बाळसं

२ जुलै, मंगळवार. सकाळी ६

आजपासून चक्र योजना चालू. ओढ्याकाठच्या एकराला तार मारून झाली. आत चार कालवडी. त्या गवत खाणार, शेण टाकणार. ते ताजं शेण पाण्यात कालवून मी रोज सकाळी त्याच गवतावर शिंपडणार. गवत वाढणार, त्या परत खाणार. बाहेरून काही आणायचं नाही. एकतीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं ते काय उगीच!

तारामती म्हणाली, अहो, जनावर शेणाजवळचं गवत सोडून खातं, ते उगं का? जनावर बी.एस्सी. झालेलं नाही, असं मी सांगितलं. बायकोला योजनेतलं काही कळत नाही.

संकल्प: पोळ्यापर्यंत चारी कालवडी अशा करायच्या, की अख्खं बेंबळी गाव बघायला आलं पाहिजे.

३ जुलै

दुसऱ्याच दिवशी डोकं फिरवलं. शेजारचा बिराप्पा आपली गुरं माळावर नेताना तारेपाशी थांबला. म्हणे, गुरुजी, पावसाळ्यात वल्या गवतात बारकी जित्राबं ठिवू नका, माळावर धाडा, म्या नेतो माझ्यासंगं. माळावर काय आहे? दगडं आणि कुसळं! चौथी शिकलेला माणूस मला गवत शिकवतो.

१९ जुलै, शुक्रवार

प्रगती उत्तम. चौघींची पोटं सुटली आहेत. गुंजीचं तर नगाऱ्याएवढं. ही सगळ्यात धाकटी. आठ दिवसांची असताना हिची आई साप चावून गेली, तारामतीनं बाटलीनं दूध पाजून वाढवली. अजून हाक मारली की येऊन तिचा पदर चघळते.

केस जरा राठ झालेत. पावसाळी कोट असावा. शेण पातळ पडतंय. बरंच झालं, पाणी कालवायचं काम वाचलं.

२८ जुलै, रविवार

गुंजीच्या जबड्याखाली गुबगुबीत गोळा आला आहे. बाळसं! फोटो काढून निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. सतरा अंगठे.

आणि हा बिराप्पा. तारेवरून वाकून बघतो आणि म्हणतो, गुरुजी, ह्ये बाळसं न्हाय, पाणी उतरलंय. पोटात जंत लई झाल्यात. डोळ्याची पापणी उलटून बघा, पांढरीफट आसंल.

जळतो नुसता! माझ्या तारेला हात लावायचा नाही, असं स्पष्ट सुनावलं. पापणी उलटली नाही. का उलटू? ह्याच्या सांगण्यावरून?

२ ऑगस्ट, शुक्रवार

विश्वासघात. मी बँकेत गेलो असताना तारामतीनं परस्पर जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर कोण, तर करिश्मा. बिराप्पाची पोरगी! बाप रोग सांगतो, पोरगी औषध देते. पद्धतशीर साखळी आहे.

शेण तपासून म्हणाली, सर, चौघींनाही जंत आहेत. अंडी शेणातून पडतात, त्यातली पिल्लं ओल्या गवतावर चढतात आणि गवताबरोबर पुन्हा पोटात जातात. तुम्ही ती रोज शिंपडताय. टेपनं छातीचे घेर मोजून वजनाप्रमाणे प्रत्येकीच्या नावाची वेगळी बाटली दिली. शेण खड्ड्यात कुजवा, हे रान बंद ठेवा, कालवडी कोरड्या माळावर न्या, म्हणजे फिरून बापाच्या दारात!

वर हसून म्हणते, सर, नववीला हे तुम्हीच शिकवलंत. शिकवलं ना! पण ते माणसाच्या जंतांचं. गुरांचे जंत सिलॅबसमध्ये नव्हते.

३ ऑगस्ट

औषध पाजलं. तिघींना पूर्ण, गुंजीला निम्मं. एवढ्याशा जिवाला एवढं स्ट्राँग औषध? थोडा कॉमनसेन्स वापरावा लागतो. तिची निम्मी उरलेली बाटली देवळीत ठेवली.

रान बंद करायचा प्रश्नच नाही. उलट आता शेणातच औषध उतरणार, म्हणजे शिंपडलं की गवतावरचे जंतही मरणार. हे करिश्माच्या डोक्यात कसं आलं नाही?

१५ ऑगस्ट. दुपारी

शाळेत झेंडावंदन. गावची लेक डॉक्टर झाली म्हणून करिश्माचा सत्कार, आणि नारळ कुणाच्या हातून? माझ्या! संताप संताप झाला. फोटोत मी हसतोय असं दिसतं, ते ऊन डोळ्यावर आल्यामुळे.

गुंजी हल्ली बसूनच खाते. शांत स्वभाव आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

औषध बोगस निघालं. जुलाब पुन्हा चालू. तीन पानी तक्रार अर्ज लिहिला, वरपर्यंत जाणार. अर्ज वाचून दाखवायला तारामतीला हाक मारली, तर ती पक्कड घेऊन माझी तार तोडत होती. माझ्या डोळ्यांदेखत! तीन कालवडी बाहेर काढल्या आणि बिराप्पाच्या मागं माळावर लावून दिल्या. मी ओरडलो, बांधावरची माणसं थांबून बघायला लागली. तिनं मान वर केली नाही.

गुंजीला उठता आलं नाही. ती राहिली.

२७ ऑगस्ट

करिश्मा दोनदा येऊन गेली. सलाईन लावलं, बाटली मी धरून उभा होतो. हात भरून आला. खाली ठेवावा असं वाटलं नाही.

आज पापणी उलटून पाहिली. पांढरी.

माळावरच्या तिघी चरतायत म्हणे. अर्ज अजून पोस्टात टाकलेला नाही. पोस्ट लांब आहे.

२८ ऑगस्ट, बुधवार

सकाळी नऊला गुंजी गेली. डोकं तारामतीच्या मांडीवर होतं.

बिराप्पा खोरं आणि मिठाची पिशवी घेऊन आला. आता हा बोलणार, म्हणून मी तयारीत उभा होतो. तो म्हणाला, गुरुजी, तुमी सावलीला बसा, खड्डा म्या घेतो. आणि खणायला लागला. करिश्मा आली, तिनं माझं बीपी मोजलं आणि गेली.

संध्याकाळी तारामतीनं देवळीतली बाटली आणून माझ्यापुढं ठेवली. गुंजीला निम्मंच का पाजलं, एवढंच विचारलं. रडलीसुद्धा नाही.

मी गवतावर चिडून पाहिलं, पावसावर चिडून पाहिलं. आज चिडायला दुसरं कुणी सापडलं नाही.