पाच बटणांची काळजी

धाकटीस थोरलीचा उदंड आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या नवऱ्याचा खोकला थांबला का? सहा वर्षांनी विचारते आहे, तर लगेच नाक फुगवू नकोस. आईचं शिलाई मशीन तू न विचारता नेलंस म्हणून मी बोलणं टाकलं होतं, पण हे पत्र त्याबद्दल नाही.

गुरुवारी माझ्या डोळ्याचं किरकोळ काम आहे. रक्तदाब उतरल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नाही. म्हणतो, "आजी, खरंच महत्त्वाचं असेल तेवढंच मनाला लावून घ्या." (एवढं सांगायला बारा वर्षं शिकला म्हणे.) मला अक्षर येत नाही (हे पत्रही सूनबाई लिहून घेते आहे), मी कसली यादी करणार? पण माझा जन्म शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करण्यात गेला. म्हणून ठरवलं, रोज सकाळी वाटीत पाच बटणं घ्यायची, एका काळजीला एक बटण बाहेर. वाटी रिकामी झाली की काळजी बंद.

पहिल्या दिवशी चहा निवायच्या आत वाटी खडखडीत. एक बटण नातीने कापून घेतलेल्या केसांवर गेलं. दोन वरच्या मजल्यावरून ठिबकणाऱ्या चादरीवर (दोन, कारण ती आदल्या दिवशीही ठिबकली होती). एक सूनबाईच्या टॉवेलाच्या घडीवर (इथे तिचं पेन थांबलंय; लिही गं, लिही). आणि पाचवं कशावर खर्चावं, या काळजीतच पाचवं गेलं. मग दुपारी दूध उतू जाऊ लागलं. मी खुर्चीत बसून शांतपणे बघत राहिले. दूध गेलं, पातेलं करपलं, धूर जिन्यात पोचला, शेजारीण दार बडवत आली. मी म्हटलं, "बाई, उद्या या. आजची बटणं संपली."

संध्याकाळी पातेलं घासता घासता सूनबाई म्हणाली, "आई, घडी मी सुधारते, पण एखादं बटण दुपारसाठी ठेवत जा." तेव्हापासून काटकसर शिकले. चादर ठिबकते, ठिबकू दे. नातीचे केस, तिचं डोकं. आता रात्रीपर्यंत चार बटणं वाटीत तशीच असतात. पाचवं मात्र उठल्याउठल्या जातं, रोज, एकाच माणसावर. ते कोण, हे सांगून तुझा भाव वाढवणार नाही.

मशीन ठेव तुझ्याकडे. त्याला मी आता तुटकं बटणही देत नाही.

तुझी थोरली
(अंगठा उमटवलाय. शाई पसरली असेल तर तो सूनबाईचा दोष.)

ता. क. मशीनचं झाकण मात्र माझं होतं.

ता. क. मावशी, हे मी, सूनबाई, माझ्या मनाने लिहिते आहे. आईंना वाचता येत नाही म्हणून धीर केला. काम किरकोळ नाही. एक डोळा आधीच गेलाय, गुरुवारी उरलेल्याचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टरांनी खात्री दिलेली नाही. बुधवारपर्यंत याच.

ता. क. मी झाकणाचं एवढंसं सांगितलं आणि हिचं पेन केव्हाचं कुरकुरतंय. अक्षर येत नसलं तरी माझे कान शाबूत आहेत. काय लिहिलंस म्हणून मी तिला विचारणार नाही. जे लिहिलं असेल ते माझंच म्हणणं समज. झाकण आणू नकोस. फक्त दिवसाउजेडी ये, म्हणजे तुझं तोंड नीट बघता येईल.