बिल्ला नंबर ४१७

गुरुवार, २ नोव्हेंबर २००६

आलो एकदाचे विरारला! टेम्पोवाल्याने मनवेलपाड्याच्या वळणावर कपाट असं आपटलं की मनोरमेने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि वर सामान चढल्यावर त्यालाच चहा दिला. बायको माझी अशीच आहे. भांडुपच्या चाळीत एका खोलीत वीस वर्षं काढली, इथे वन रूम किचन आणि शिवाय एक गॅलरी. गॅलरीतून जीवदानीचा डोंगर दिसतो. दार काचेचं आहे, त्याला कडी मात्र फक्त आतून. बिल्डरने तेवढेच चार आणे वाचवले असतील. आमची लेक उन्नती बारावीला, तिने पहिल्या दिवशी एकच काम अंगावर घेतलं, गॅलरीतली कबुतरं हाकलायचं. टकटक करून काचेवर चोची मारतात मेली.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. मनोरमेने तो लगेच माझ्या नावावर चढवला. उद्या करतो म्हणालो.

ही डायरी आमच्या पंख्यांच्या कंपनीने वाटलेली शेवटची. मार्चमध्ये टाळं लागलं आणि डायरी कोरीच राहिली. चोवीस वर्षं टाइमकीपर होतो, दुसऱ्यांचे दिवस मांडण्यात जन्म गेला. आता म्हटलं चार दिवस स्वतःचे लिहावेत. मला फार बरं वाटतंय आज.

सोमवार, ६ नोव्हेंबर

कंपनीच्या निधीचं पत्र आलं. नवी नोकरी लागेपर्यंत दरमहा भत्ता मिळणार, पण अट अशी की रोज संध्याकाळी सातच्या आत कॉम्प्युटरवर नोंद करायची. आज कुठे होतो, नोकरीसाठी काय केलं, आणि शेवटी ‘हजर’ असं टिपायचं. एक दिवस चुकला तर पंधरा दिवसांचा भत्ता कापणार, तीन चुकले तर नावच कमी. पत्रात ‘अनुपस्थिती’ असा भारदस्त शब्द आहे. आम्ही त्याला खाडा म्हणायचो. ज्याने आयुष्यभर लोकांचे खाडे मांडले त्याच्यावर आता स्वतःची हजेरी लावायची पाळी. करावे तसे भरावे, असं मनोरमा म्हणाली आणि पोट धरून हसली.

आमच्याच बिल्डिंगखाली पिठाच्या गिरणीला लागून दीपेशचं सायबर कॅफे आहे. तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर पीठ. पोरगा इथलाच, विशीतला, गोड आहे. त्याने मला माझं पान उघडून दिलं. माझी ओळख म्हणजे जुना बिल्ला नंबर, ४१७. एकदा नोंद पाठवली की ती खोडता येत नाही. कंपनीतल्या हजेरीच्या मस्टरचंही तसंच होतं, शाई म्हणजे शाई. शाळेत पहिल्या दिवशी पाटीवर नाव लिहिलं होतं तसा अभिमान वाटला मला.

शनिवार, ११ नोव्हेंबर

आज जीव गेला असता. चारला लोडशेडिंग सुरू झालं ते सहा वाजले तरी वीज नाही. दीपेश म्हणाला, काका, नालासोपाऱ्याला लाइट असेल बघा. रिक्षा करून पळत सुटलो, तिथे एका गल्लीत कॅफे सापडलं. सातला चार मिनिटं असताना ‘हजर’ टिपलं. भत्ता गेला तर उन्नतीची फी कुठून भरायची?

परत येताना काळूराम आठवला. पेंटिंग खात्यात होता. कधीतरी दोन मिनिटं उशिरा आला आणि मी त्याचा खाडा मांडला. बिचारा टेबलासमोर हात जोडून म्हणत होता, ‘साहेब, मी हा उभा आहे ना तुमच्यासमोर!’ मी मान वर न करता म्हणालो, मस्टरला नाहीस म्हणजे नाहीस. खात्यातले सगळे हसले होते, मीही हसलो. आज मला त्याची लाज वाटली.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

उद्या वसईजवळ भुईगावला प्लासिडच्या लेकीचं, लुसीचं लग्न. प्लासिड माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, अकरा वर्षं त्याचा डबा खाल्लाय, न जाऊन कसं चालेल? पण दिवस तिकडे जाणार आणि इथे संध्याकाळी विजेचा भरवसा नाही. मनोरमेला यायला जमत नाही, उद्या टँकरचं पाणी भरायची पाळी आपली.

मग मला जुनी युक्ती सुचली. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची हजेरी आम्ही आधीच मांडून ठेवायचो, आगाऊ हजेरी. साहेबांनाही ठाऊक असायचं. कॉम्प्युटरवर पुढची तारीख टाकून पाहिली तर त्याने मुकाट घेतली! मग खरं वाटावं म्हणून तपशील भरला: ‘दिवसभर घरी. तीन अर्ज लिहिले. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला. संध्याकाळी दूध आणलं. हजर.’ नळाचं लिहिताना मला हसू आलं. दीपेश म्हणाला, काका, तुम्ही लय पोचलेले आहात.

बुधवार, १५ नोव्हेंबर

लग्न झोकात झालं. बँड, वडे, वाडीतल्या केळींखाली पंगत. निघताना प्लासिडने घरच्या वाळवलेल्या केळ्यांचं, सुकेळ्यांचं, पाकीट हातात कोंबलं.

साडेसहाला घरी आलो. मनोरमेने दार उघडलं आणि विचारलं, दूध कुठाय? मला वाटलं थट्टा करतेय. तर म्हणाली, आत्ता पिशवी घेऊन खाली गेलात ना! आणि ही सुकेळी कुठून आणलीत? मी म्हटलं, भुईगावहून. तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी सकाळी जिन्यावरूनच परत आलो, जायचा कंटाळा आला म्हणालो, आणि दिवसभर घरी होतो.

नळ ठिबकत नाहीये. नवा वायसर बसवलाय. टेबलावर तीन अर्ज, अक्षर माझं.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

झोप नाही. मनोरमा आणि उन्नती मिळून माझी गंमत करताहेत असं मनाला समजावलं. सकाळी कॅफेत गेलो, आजची नोंद करायला. ती झालेली होती. ‘दिवसभर घरी. हजर.’ दीपेशला विचारलं तर तो म्हणाला, काका, काय राव, आत्ता तासाभरापूर्वी तुम्हीच करून गेलात की. चहापण पाजलात मला.

मी सकाळी दात घासत होतो तेव्हा. मला भीती वाटते आहे, सरळ लिहितो.

रविवार, १९ नोव्हेंबर

दोन दिवसांत एक गोष्ट कळली. नोंद आता आदल्या दिवशीच पडते. मी रोज जाऊन उद्याचं वाचतो. तिथे लिहिलंय तसं वागलो तर काही होत नाही, मी एकटाच असतो. वेगळं वागलो की ते दुसरं कुणीतरी करून जातं. शुक्रवारी ‘दुपारी पोहे खाल्ले’ असं होतं, मी मुद्दाम नाही खाल्ले. थोड्या वेळाने मनोरमा रिकामी बशी विसळत होती. विचारलं, कुणी खाल्ले? ती हसली, म्हणाली, वय झालं तुमचं.

म्हणून काल आणि आज लिहिल्याबरहुकूम वागलो. लिहिलं तेव्हा उठलो, लिहिलं तेव्हा पेपर वाचला. भीक नको पण कुत्रा आवर. भत्ता सोडतो असं शुक्रवारीच निधीच्या कचेरीला फोन करून सांगितलं होतं. पलीकडची बाई म्हणाली, नोकरी लागल्याशिवाय नोंद बंद होत नाही.

म्हणजे सुटायला वाट एकच. नोकरी.

बुधवार, २२ नोव्हेंबर

वसई फाट्याजवळच्या एका कारखान्यात टाइमकीपर हवा होता, आज अकराला बोलावलं होतं. नोंदीत ‘दिवसभर घरी’. तरी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, जीवदानीला हात जोडून गेलो.

फाटकावरच्या कारकुनाने वही पाहिली. म्हणाला, तुमचा नऊ वाजता फोन आला होता, नोकरी नको म्हणून. जागा दुसऱ्याला दिली. मी म्हटलं, मी फोन केलाच नाही, मी हा उभा आहे ना तुमच्यासमोर!

कारकून मान वर न करता म्हणाला, वहीत नोंद आहे.

काळूराम, माफ कर रे बाबा.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

पानावर आज दोन ओळी.

‘४१७ — हजर.’

खाली, ‘४१७, दुसरा — खाडे २. १५ नोव्हेंबर, २२ नोव्हेंबर.’

दुसरा म्हणजे मी. भुईगावला गेलो तो मी. फाट्यावर गेलो तो मी.

तीन खाड्यांना नाव कमी.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

मनोरमेला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. म्हणाली, गेला आठवडाभर किती छान वागताय, घरात लक्ष घालताय, उन्नतीचा अभ्यास घेताय. आज काय झालं एकदम?

मी उन्नतीचा अभ्यास घेतलेला नाही. एक दिवसही नाही.

तिला तो आवडतो. हे लिहिताना डोळे भरून येताहेत. वीस वर्षांत मी तिला एक नळ नीट करून दिला नाही.

शनिवार, २५ नोव्हेंबर

उद्याचं वाचून आलो. पाठ करून आलो. ‘दिवसभर घरी. दुपारी गॅलरीत वारा घेतला. चार वाजता चहाला आत आलो. सगळे मिळून चहा प्यालो. हजर.’

सोपं आहे. एवढंच करायचं. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. खाडा पडू द्यायचा नाही. हे घर माझं आहे.

दीपेश आज माझ्याशी बोलला नाही. दोनदा हाक मारली. त्याने पंखा वाढवला आणि अंगावरचं पीठ झटकलं —

रविवार, २६ नोव्हेंबर

तीन चाळीस. गॅलरीत बसलोय, डायरी मांडीवर. लिहिल्याप्रमाणे. वारा आहे. आत मनोरमा आलं किसतेय, वास येतोय. चारला आत जायचं.

तीन पन्नास. उन्नती पुस्तक घेऊन काचेपाशी आली. मी हात केला. ती केसांची बट सारखी करून वळली. काचेत बघून.

चार. आत माझा आवाज आला.

चार. दार ढकललं. कडी आतून. तो खुर्चीवर बसलाय, माझ्या — इस्त्रीचा शर्ट. कप त्याच्या हातात. मनोरमा हसतेय. कधीपासून अशी हसली नव्हती.

काच ठोकली. दोन्ही हातांनी. उन्नती म्हणाली — ऐकू आलं मला — बाबा, कबुतरं परत आली. त्याच्याकडे बघून म्हणाली. बाबा.

डायरी वाऱ्याने उलटली. उद्याचं पान. परवाचं. एकतीस डिसेंबरपर्यंत सगळी भरलीत. माझं अक्षर. हजर. हजर. हजर.

आजच्या पानाच्या खाली, कोपऱ्यात, लाल शाईने — खाडा ३

तो उठला. पडदा ओढायला येतोय. मनोरमा, इकडे बघ, एकदा बघ, अगं मी हा उभा आहे ना तुमच्यास