उंबऱ्याबाहेरून

सुलूताई,

हे तुला पाठवणार नाही. कौतुक केलं की तू चिडतेस.

अण्णांच्या ऑपरेशननंतर परळच्या हॉस्पिटलजवळ राहायचं तर तुझी लालबागची खोलीच होती. तू माळ काढून आपल्या घरचा पंथ सोडलास, तेव्हापासून अण्णांनी पोटच्या मुलीच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं. तरी ते येणार म्हणून तू घरातले सुके बोंबील शेजारी देऊन टाकलेस, नवा टोप आणलास, कांदा-लसूण न घालता डाळ केलीस. मी हळूच म्हटलं, "मी केली म्हणून सांग ना. त्यांना काय कळतंय?"

तू ताट घेऊन सरळ त्यांच्यापुढे गेलीस. "अण्णा, डाळ मी केलीय. चालेल?"

त्यांनी तोंड फिरवलं. मला तुझा रागच आला. आजारी माणसाला उपाशी ठेवणारं खरं काय कामाचं?

पण तू मला आंघोळ करायला लावलीस आणि ओट्यापाशी उभं केलंस. स्वतः उंबऱ्याबाहेर थांबलीस आणि भांड्याला हात न लावता सांगत गेलीस. "आता हिंग टाक. अरे, गॅस बारीक कर." डाळ थोडी लागलीच. अण्णा दोन वाट्या जेवले.

मठात अजून म्हणतात, सुलूने देव सोडला, आता तिला कसला धरबंध? मी माळ घालतो, रोज नाम घेतो. पण खोटं जिभेवर आलं की मला देव दिसत नाही, ताई. उंबऱ्याबाहेर उभी असलेली तू दिसतेस.

तुझा,
धनेश