समोर कुणी नसताना

तंजावूर, ४ ऑगस्ट २०२४

ती. रघुरामकाकांस,
अखिलाचा सा. न. वि. वि.

फोन होतोच, पण तुम्ही शिकवलेली देवनागरी गंजू नये म्हणून हे पत्र. चुका नेहमीसारख्या लाल शाईने कळवा.

प्रयोगशाळेत मी नक्की काय करते, असं तुम्ही विचारलं होतं. मी उंदरांची खाज मोजते. उंदराच्या मानेमागे खाज आणणारं औषध टोचायचं आणि अर्ध्या तासात तो मागच्या पायाने किती वेळा खाजवतो ते लिहायचं. पुढे यातूनच माणसांच्या खाजेवर औषध शोधायचं आहे. पण माझे उंदीर खाजवतच नाहीत. तीन आठवडे पेटीसमोर स्टूल टाकून बसतेय आणि वहीत शून्य, एक, शून्य. महिनाअखेरीस माझ्या गाइड लक्ष्मीप्रिया मॅडमना दाखवू काय?

सरोजाकाकू म्हणाली, तुम्ही वीणेचा वर्ग बंद केलात. ती खोलीत आली की काहीतरी काम काढून तिला बाहेर धाडता, असंही म्हणाली. तुम्ही तिच्यावर रागावलात असं तिला वाटतं. खरं काय ते लिहा.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
अखिला

तिरुवैयारु, ११ ऑगस्ट

चि. अखिला हिस अनेक आशीर्वाद.

सात चुका, गेल्या खेपेपेक्षा चार कमी. उंदीर खाजवत नाहीत म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी मुलगी आपल्या घराण्यात तूच पहिली. तुझ्या आजीने तर घरात शिरलेल्या प्रत्येक उंदरामागे केरसुणी घेऊन धाव घेतली.

वर्गाचं विशेष काही नाही. वय झालं. चारही मुलींना दुसरे गुरू मिळतील. आणि तुझ्या काकूवर रागावण्याचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं. कावेरीला पाणी आलंय, घाटावर गर्दी असते.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
काका

तंजावूर, २५ ऑगस्ट

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

माझं काम मार्गी लागलं. मॅडम आल्या, दारात पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि हसत सुटल्या. म्हणाल्या, आधी ते स्टूल उचल. एवढं मोठं जनावर समोर टक लावून बसल्यावर उंदीर खाजवेल कसा? त्याचं सगळं लक्ष तुझ्याकडे. त्याला दोन-तीन दिवस पेटीत रुळू दे, वर कॅमेरा लाव आणि दार ओढून बाहेर जा.

तसंच केलं. कॉफी पिऊन आले आणि चित्रफीत पाहिली, तर अर्ध्या तासात सत्त्याऐंशी वेळा! आनंद झाला, पण वाईटही वाटलं. इतके दिवस त्यांना खाज येतच होती, आणि माझ्यापुढे ते मुकाट बसून होते.

उत्तर लवकर लिहाल ना?
अखिला

तिरुवैयारु, २९ ऑगस्ट

चि. अखिला हिस आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. चुका काढल्या नाहीत.

माझंही त्या उंदरांसारखंच झालंय. दीड वर्ष पाठ, दंड, पोटऱ्या, सगळीकडे खाज. पुरळ नाही, काही नाही. वीणेवर दोन्ही हात गुंतलेले, समोर चार मुली. गुरूने त्यांच्यादेखत अंग खाजवत बसायचं? शिकवणं अर्धवट टाकून दोनदा आत गेलो आणि तिसऱ्यांदा वर्गच बंद केला. सरोजाला कधी देवळात, कधी शेजारच्या भुवनाकडे धाडतो, ते दार लावून खाजवता यावं म्हणून. नेहमीच्या तपासणीला गेलो असताना डॉक्टरांनी आणखी काही त्रास आहे का असं विचारलं, तेव्हा ती शेजारीच होती. मी नाही म्हणालो.

वर्गाविना दिवस सरत नाही. वीणेला गवसणी घालून ठेवलीय, तिकडे बघवत नाही. हे कुणाला सांगू नकोस. रोज हेच बघणाऱ्या माणसाला लिहिताना तेवढी लाज वाटली नाही.

काका

तंजावूर, १ सप्टेंबर

ती. काकांस, सा. न. वि. वि.

पुरळ नसताना अंगभर खाज येते तेव्हा रक्त तपासावं लागतं. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, कशानेही असं होतं. घाबरू नका, पण थांबूही नका. उद्याच जा आणि डॉक्टरांच्या खोलीत एकटे जा. काकूला बाहेर बसवा.

मी तिला काही सांगणार नाही. पण तुम्हाला ती नकोशी झालीय, असं ती काल म्हणाली. मला ते ऐकवेना. तुम्हीच सांगा.

अखिला

तिरुवैयारु, २२ सप्टेंबर

चि. अखिला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

थायरॉइड वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. खाज हळूहळू ओसरेल, म्हणाले. दीड वर्ष गप्प बसल्याबद्दल डॉक्टर रागावले ते वेगळंच.

घरी येऊन सरोजाला सगळं सांगितलं. ती रडली, मग डॉक्टरांपेक्षा जास्त रागावली. बेचाळीस वर्षं एका घरात राहून माझ्यापासून लपवायचं हेच सापडलं का, म्हणाली. दुपारी तिच्यासमोर पाठीकडे हात नेला. ती उठली. मला वाटलं, सवयीने बाहेर चालली. ती माझ्यामागे येऊन बसली आणि जिथे माझा हात पोचत नाही तिथे खाजवू लागली. मला फार बरं वाटलं.

शनिवारी वर्ग पुन्हा भरला. मधेच दंडाला खाज सुटली. मी वीणा थांबवली, मुलींच्यादेखत खाजवलं आणि पुढची ओळ घेतली. कुणी हसलं नाही. तेवढ्यात सगळ्यांत धाकट्या जननीने वीणेवरून हात काढला आणि आपली मान कराकरा खाजवून घेतली. किती वेळ थांबली होती कोण जाणे.

लोभ आहेच, तो असाच मनमोकळा राहो.
तुझा काका,
रघुराम